आत्मरक्षण आणि पाचवी आज्ञा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी दिलेले भाषण)



ह्या मंगल सायंकाळी धर्मग्रामाच्या इतिहासाविषयी दोन शब्द बोलावे, अशी महोत्सव समितीची इच्छा होती. तो इतिहास सांगणारे आमच्याहून अधिक जाणते लोक येथे बसलेले आहेत. आम्हांस आज एका जुन्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे. वीस वर्षांहून अधिक काळ ते आमच्याकडे थकले आहे.

शुक्रवार, दि. १३ ऑगस्ट २००४ रोजी आपल्या नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जे घडले ते वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेलच. कस्तुरबानगर वस्तीवर कित्येक वर्षे दहशत गाजविणारा अक्कू यादव जामिनाच्या सुनावणीसाठी पोलिसांच्या पहाऱ्यात आणला गेला असता, वस्तीतील लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, जमावाने तिखटाची पूड व घरातल्या सुऱ्या घेऊन भर न्यायदालनात त्यास ठार केले. खून, बलात्कार, खंडणी असे आरोप त्याजवर होते. वारंवार तक्रार करूनही दाद लागली नाही, असे त्या स्त्रियांचे म्हणणे होते. दहा वर्षांनी, २०१४ साली, खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

त्या शुक्रवारानंतरच्या रविवारी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण होता. आम्ही तेव्हा नवे धर्मगुरू होतो. गर्विष्ठांची दाणादाण करणाऱ्या परमेश्वराचे मरियेने गाइलेले स्तोत्र त्या दिवशीच्या शुभवर्तमानात होते. परंतु आम्ही ते बाजूस ठेवून दुसरा गाल पुढे करण्यावर प्रवचन दिले. मिस्सा आटोपल्यावर एक माता शाळकरी मुलीचा हात धरून आमच्याकडे आली व म्हणाली, “फादर, असा माणूस आमच्या दारात उभा राहिला, तर गाल कोणाचा पुढे करायचा? माझा, की हिचा?”

आम्ही तिला प्रार्थना करावयास सांगितले. ती काही न बोलता निघून गेली.

तिचा प्रश्न आमच्या प्रवचनाहून शहाणा होता. आपला गाल पुढे करणे हा त्याग होय; लेकराचा गाल पुढे करणे ह्यास त्याग म्हणत नाहीत. शिवाय महायाजकापुढे सेवकाने प्रभूला चापट मारली, तेव्हा प्रभूने मारण्याचे कारण विचारले, हे योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे. संत अम्ब्रोज ह्यांचे मत असे होते की, ख्रिस्ती मनुष्याने स्वतःच्या प्राणासाठी लुटारूवरही हात उगारू नये. परंतु त्याच ग्रंथात ते असेही सांगतात की, सोबत्यावरील आघात निवारण्याची शक्ती असून जो तो निवारीत नाही, तो आघात करणाऱ्याइतकाच दोषी आहे.

पुढे तेराव्या शतकात संत थॉमस आक्विनस ह्यांनी ह्या विषयाची घडी बसविली. एका कृत्याची फळे दोन असू शकतात: आपला जीव वाचणे व हल्लेखोराचा जाणे. हेतू पहिल्या फळाचा असावा आणि बळ गरजेपुरतेच वापरावे. त्याहून अधिक वापरल्यास ते अधर्म्य ठरते. १९९२ सालच्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात हीच शिकवण आहे. ज्यांच्यावर दुसऱ्यांच्या जीविताचा भार आहे, त्यांच्यासाठी रक्षण हे गंभीर कर्तव्यही ठरू शकते, असे तो सांगतो. तेव्हा त्या मातेने, दुसरा उपाय न उरल्याने, हाती आली ती वस्तू घेऊन नराधमास दारातच अडविले आणि त्यात तो मेला, तर तिने पाचवी आज्ञा मोडली असे आम्ही म्हणणार नाही.

मग न्यायालयातील कृत्याचे काय? निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात रात्री घर फोडताना मारला गेलेला चोर आणि सूर्योदयानंतर मारलेला चोर ह्यांत भेद केला आहे. दुसऱ्या प्रसंगी रक्तपाताचा दोष लागतो. आपला कायदाही ह्याच वळणाचा आहे. १८६० च्या दंडसंहितेने प्राणघातक वा बलात्काराच्या हल्ल्यात हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत बचावाचा हक्क मान्य केला होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. मात्र सरकारी संरक्षण मागण्यास अवसर असेल तेथे तो हक्क नाही. पहाऱ्यातील माणसास मारणे ह्यास आत्मरक्षण म्हणता येत नाही. हे म्हणताना आम्हांस सुख होत नाही.

कारण त्या वस्तीवर सूर्य उगवला होता काय? कायद्याने सांगितलेल्या दारी जाऊन त्या स्त्रिया रिकाम्या हाताने परतल्या होत्या, आणि जामीन मिळता तर तो पुन्हा त्याच गल्लीत येता. अम्ब्रोजांचा निकष लावावयाचा तर तो त्यांच्याआधी दुसऱ्या पुष्कळांस लावावा लागेल. त्यांत आम्हीही आहोत. अक्कूचे नाव आम्ही ऐकून होतो. जरीपटक्याकडे जाणे होई, तेव्हा त्या वस्तीचा रस्ता टाळून जात असू. तेथील एकाही घरी आम्ही कधी विचारपूस केली नाही. पोलिसांकडे जाणाऱ्या एखाद्या बाईसोबत पांढरा झगा घातलेला एक धर्मगुरू गेला असता, तर तिचे म्हणणे कदाचित अधिक लक्ष देऊन ऐकले गेले असते.

ती माता आता हयात नाही. तिची मुलगी लग्न होऊन परगावी गेली आहे. ही पुस्तिका छापून आली म्हणजे एक प्रत तिला डाकेने पाठवावी, असे आम्ही समितीस सांगून ठेवले आहे.