अंगावर फोड उठण्यापूर्वीं

अंगावर फोड दिसले कीं घराघरांतून दोन निदानें ठरलेलीं असतात. मूल असेल तर कांजिण्या, आणि मोठें माणूस असेल तर अंगांतील उष्णता बाहेर पडली. पहिल्यावर कडुनिंबाचा पाला, दुसऱ्यावर सब्जा व गुलकंद. एरवीं या घरगुती वैद्यकीनें फारसें बिघडत नाहीं. परंतु एक विकार असा आहे कीं, त्यांत असे गेलेले दोन दिवस रोग्याच्या जिवावर बेततात.

१९२२ सालीं स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकन डॉक्टरांनीं दोन मुलांच्या अंगावर ज्वरासह उठलेला पुरळ व त्यांच्या तोंडाची आणि डोळ्यांची झालेली दुर्दशा वर्णन केली. विकारास त्यांचेंच नांव पडलें. १९५६ सालीं स्कॉटलंडमधील लायेल यांनीं याचेंच अधिक भयंकर रूप दाखविणारे ४ रोगी नोंदविले. उकळतें पाणी पडावें तशी त्यांची कातडी सुटून येत होती. विकार विरळा खरा, पण हें दुसरें रूप सुमारें तिघांतील एकाचा प्राण घेतें.

लहान मुलांत कधीं कधीं जंतुसंसर्गानें हा विकार होतो; मोठ्यांत त्याचें मूळ बहुधा नव्यानें सुरू झालेल्या औषधांत असतें. फेफऱ्यावरील कार्बामाझेपीन, फेनिटॉइन व लॅमोट्रिजीन, युरिक ॲसिड कमी करणारें ॲलोप्युरिनॉल, सल्फा वर्गांतील औषधें आणि कांहीं वेदनाशामक गोळ्या यांत प्रमुख होत. औषध सुरू होऊन ४ ते २८ दिवस लोटलेले असतात, म्हणून त्याचा संशयच कोणास येत नाहीं. अंधेरीच्या एखाद्या गृहस्थानें गोळी तीन आठवडे निर्धोक पचविलेली असते; मग आतांच ती कशी बाधेल, असें घरच्यांस वाटतें.

आरंभ पडशासारखा. ताप, घशांत दुखणें, डोळ्यांची आग, गिळतांना टोचतें. एकदोन दिवसांनीं छातीवर, पाठीवर, चेहऱ्यावर काळपट तांबडे डाग उमटतात. खरी खूण येथें आहे: कांजिण्या खाजतात, हे डाग मुख्यतः दुखतात. अंगावरची चादरही सोसवत नाहीं. ओठ सोलवटतात, तोंडांत व्रण पडतात, डोळे चिकटतात, लघवीस जळजळतें. फोड यानंतर येतात; फोडांची वाट पाहणाऱ्यास उशीर झालेला असतो.

अशा वेळीं संशयित औषधाची पुढची मात्रा घेण्याआधीं, त्याच दिवशीं, रात्र असली तरी रुग्णालय गाठावें. औषध जितकें लवकर थांबेल तितकी जगण्याची आशा अधिक. फेफऱ्याचें औषध एकाएकीं थांबल्यास झटक्यांचें भय असतें, म्हणून त्याच्या जागीं दुसरें औषध तेथेंच ठरावें लागतें. घाटकोपर-मुलुंडकडील मंडळींनीं शीवचें लोकमान्य टिळक रुग्णालय, किंवा परळचें के. ई. एम., असें त्वचा, नेत्र व अतिदक्षता हे तिन्ही विभाग असलेलें ठिकाण पाहावें. डोळ्यांकडे पहिल्या दिवसापासून लक्ष हवें. जीव वाचूनही दृष्टि गेल्याचीं उदाहरणें आहेत. जातांना मलमें फासूं नयेत. दोन महिन्यांतील सर्व औषधांचीं वेष्टनें मात्र बरोबर न्यावींत.

कार्बामाझेपीनच्या बाबतींत आधींच सावध होण्याची सोय आहे. तैवानमध्यें २००४ सालीं अशा ४४ रोग्यांची तपासणी झाली, तेव्हां सर्वांच्या रक्तांत एकच आनुवंशिक खूण सांपडली. गुजराथेंत २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत ८ पैकीं ६ जणांत तीच होती. हें औषध सुरू करण्यापूर्वीं या चाचणीविषयीं डॉक्टरांस विचारावें. ज्यांनीं विचारलें त्यांस कोणी शंकेखोर म्हटलें, तर म्हणो बापडे!

बरें झाल्यावर त्या औषधाचें मूळ नांव कागदावर लिहून खिशांत ठेवावें लागतें. कारण तेंच औषध घाटकोपरच्या दुकानांत एका नांवानें मिळतें, तर बोरिवलीच्या दुकानांत दुसऱ्याच.