हकची चिठ्ठी आणि वर्गातला निबंध

अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत अकरावीचं इंग्रजी म्हणजे अमेरिकी साहित्याचं वर्ष. हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’, मार्क ट्वेनची ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन’, फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’, आर्थर मिलरचं ‘द क्रूसिबल’ ही नावं वर्षभर मुलांच्या कानांवर पडत असतात. परीक्षा जवळ आली की उजळणी सुरू होते आणि उजळणीसोबत तक्ता येतो. पुस्तक, लेखक, प्रकाशनवर्ष, पात्रं, प्रतीकं, आणि शेवटच्या रकान्यात ‘थीम’, म्हणजे पुस्तकाचं सार. गॅट्सबीच्या हिरव्या दिव्यापुढे ‘अमेरिकन स्वप्न’, हेस्टर प्रिनच्या छातीवरच्या अक्षरापुढे ‘पाप आणि समाज’. मुलं हे पाठ करतात आणि निबंधात उतरवतात. आपल्या नात्यागोत्यातली जी मुलं तिकडे वाढताहेत, तीही याच उजळणीला बसतात. माझं म्हणणं असं आहे की तो शेवटचा रकाना आधीच भरला, तर निबंध लिहिण्याजोगं फारसं काही उरत नाही. पुस्तक ज्या ठिकाणी त्या रकान्यात मावत नाही, तिथून निबंध सुरू झाला पाहिजे आणि उजळणीत शोधायची ती हीच ठिकाणं. हे मोघमपणे सांगून पटणार नाही, म्हणून एकाच पुस्तकाचं एक प्रकरण आज सावकाश पाहू.

‘हकलबरी फिन’चं एकतिसावं प्रकरण. मिस वॉटसनच्या गुलामगिरीतून पळालेला जिम आणि दारुड्या बापाला कंटाळून पळालेला हक हे दोघे तराफ्यावरून मिसिसिपी नदीच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेला आलेले आहेत. सोबत लागलेल्या लफंग्यांनी जिमला 40 डॉलरांसाठी विकून टाकलंय. हक एकटा बसून विचार करतो. त्याला लहानपणापासून जे शिकवलं गेलं, त्यानुसार गुलाम ही मालकिणीची मालमत्ता. त्याला पळायला मदत करणं ही चोरी आणि चोरी करणारा नरकात जाणार. तो प्रार्थना करू पाहतो, पण शब्द ओठांवर येत नाहीत, कारण मन साफ नाही हे त्याला ठाऊक आहे. मग तो मिस वॉटसनला चार ओळींची चिठ्ठी लिहितो: तुमचा जिम अमुक ठिकाणी आहे, बक्षिसाची रक्कम पाठवा, माणूस परत मिळेल. चिठ्ठी लिहून होताच त्याला एकदम हलकं वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा आपण पापातून धुऊन निघालो असं वाटतं. आणि इथं ट्वेन एक साधी गोष्ट करतो. हक लगेच प्रार्थनेला बसत नाही, कागद खाली ठेवतो. डोक्यात प्रवास सुरू होतो. स्वतःची पाळी संपल्यावरही जिमनं त्याला न उठवता त्याच्या वाटणीचा पहारा केला होता. धुक्यात चुकामूक होऊन हक परतला, तेव्हा जिमला आनंद झाला होता. तराफ्यावर देवीची साथ आहे अशी बतावणी करून हकनं पळालेल्या गुलामांना शोधणाऱ्या माणसांना परतवून लावलं, त्यावर जिमनं त्याला जगातला आपला सर्वांत जवळचा मित्र म्हटलं होतं. एवढं आठवून होतं आणि नजर कागदावर पडते. तो कागद थरथरत्या हातात उचलतो, श्वास रोखतो, नरक पत्करायचं ठरवतो आणि चिठ्ठी फाडतो.

या प्रसंगावर वर्गात हमखास लिहिलं जाणारं वाक्य असं: गुलामगिरी अन्यायाची आहे हे हकला इथं उमगतं. वाचायला हे छान वाटतं, तक्त्यातही नीट बसतं. पण पुस्तकात असं काही घडत नाही. हकला काहीही उमगलेलं नाही. आपण पाप करतोय याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही. ते पाप करून नरकात जायची त्याची तयारी झाली आहे, इतकंच. ज्याला याचा पुरावा हवा असेल त्यानं चार पानं पुढं जावं. टॉम सॉयरसारखा चांगल्या घरातला मुलगा जिमला सोडवायला मदत करतो म्हणतो, तेव्हा हकला धक्का बसतो. गुलाम चोरण्याइतका टॉम घसरेल यावर त्याचा विश्वास बसत नाही. त्याआधी, चिठ्ठी फाडल्यानंतरच्या लगेचच्या प्रकरणात, टॉमची सॅली मावशी विचारते की हकनं रचून सांगितलेल्या बोटीच्या स्फोटात कुणाला इजा झाली का. हक म्हणतो, कुणाला नाही, एक काळा माणूस मेला. आणि मावशी म्हणते, नशीब, कधीकधी माणसं जखमी होतात. इथं हक दुसऱ्याच मुलाचं सोंग घेऊन मावशीला पटेल असं बोलतोय की हे त्याच्याच मनातून आलंय? दोन्ही वाचनांना आधार सापडतो आणि दोन्ही वाचनं एकाच वेळी पूर्ण खरी असू शकत नाहीत. विद्यार्थ्यानं लेखणी उचलावी ती इथं. कारण आता सांगण्याजोगं काही तयार झालं: ज्याची कृती न्यायाची आणि विचार अन्यायाचा, असा निवेदक लेखकानं का निवडला?

या प्रश्नामागे पुस्तकाचा काळ येऊन उभा राहतो, आणि इतिहासाचा रकाना वेगळा पाठ करण्याची गरज उरत नाही. कथा घडते 1830-40च्या दशकांत, गुलामगिरी कायदेशीर असताना. ट्वेननं ती लिहायला घेतली 1876 मध्ये, यादवी युद्ध संपून आणि राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीनं गुलामगिरी संपुष्टात येऊन अकरा वर्षं झाली असताना. पुस्तक इंग्लंडमध्ये 1884 च्या अखेरीस आणि अमेरिकेत 1885 मध्ये निघालं. म्हणजे पहिल्या वाचकाला निकाल माहीत होता आणि निवेदकाला नव्हता. मधल्या वर्षांत, 1877 मध्ये, दक्षिणेतून संघराज्याचं सैन्य काढून घेतलं गेलं आणि मुक्त झालेल्या माणसांचे हक्क एकेक करून हिसकावले जाऊ लागले. कायदा बदलूनही मनातलं शिक्षण बदललं नाही, हे ज्या देशात दिसत होतं, तिथं ट्वेननं असा मुलगा उभा केला. गुलामगिरीच्या अंताकडे जोतीराव फुले आपल्या भूमीवरून आदरानं पाहत होते. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या त्या कार्याला वाहिलेल्या लोकांना अर्पण केला. त्या अर्पणातली आशा आणि तीनच वर्षांनी ट्वेननं आरंभलेल्या कादंबरीतली अस्वस्थता शेजारी ठेवून वाचली, तर दोन्ही ग्रंथांबद्दल अधिक कळतं. तिकडे शिकणाऱ्या एखाद्या मराठी मुलीनं हा धागा निबंधात आणला, तर तो पानाची शोभा म्हणून नव्हे, युक्तिवादाचा भाग म्हणून येईल.

मग वर्गात हे होत का नाही? शिक्षकांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. कारण जुनं आहे. हार्वर्डनं 1870 च्या दशकात प्रवेश परीक्षेत इंग्रजी निबंध सक्तीचा केला आणि विषयांसाठी पुस्तकांची यादी जाहीर केली. शेक्सपिअरची नाटकं, स्कॉटची ‘आयव्हॅनहो’, गोल्डस्मिथची ‘व्हिकर ऑफ वेकफील्ड’ अशी ती यादी. अमेरिकी पुस्तक एकही नाही. तपासायचं होतं ते शुद्धलेखन, विरामचिन्हं, व्याकरण. साहित्य हे निमित्त होतं, काहीतरी विषय हवा म्हणून. महाविद्यालयांच्या अशा याद्या शाळांवर लादल्या जातात या तक्रारीतून 1911 मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांनी आपली राष्ट्रीय परिषदही काढली. याद्या पुढं बदलल्या, अमेरिकी लेखक आले, पण पुस्तक हे लेखन तपासण्याचं निमित्त ही मूळ घडण टिकून राहिली. तिलाच पाच परिच्छेदांचा साचा लगडला: एक प्रस्तावना, तीन मुद्दे, एक समारोप. 1958 पासून क्लिफ्सनोट्सच्या पिवळ्या-काळ्या पुस्तिकांनी सारांशही हाताशी आणून ठेवला. निमित्ताला सारांश पुरतो. अख्खं पुस्तक वाचावं अशी त्याची मागणीच नसते.

इथं एक रास्त आक्षेप येतो. सोळा वर्षांच्या मुलाला साचा नको, प्रश्न शोध, असं सांगणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं नव्हे का? अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट या महाविद्यालयीन पातळीच्या शालेय अभ्यासक्रमाच्या साहित्याच्या परीक्षेत दोन तासांत तीन निबंध लिहायचे असतात, एकाला चाळीस मिनिटं. तिथं चिंतनाला सवड कुठली? आक्षेपातला खरा भाग मी मान्य करतो. मांडणीला चौकट लागते आणि नवशिक्याला ती हातात दिली पाहिजे. ज्या मुलांच्या घरी पुस्तकं नाहीत, त्यांना तर ती अधिकच लागते. पण मांडणीची चौकट वेगळी आणि म्हणणं सापडण्याची वाट वेगळी. पाच परिच्छेद काय मांडायचं ते सांगत नाहीत, आणि तक्त्यातलं सार तिथं आयतं येऊन बसतं ही खरी अडचण आहे. त्या परीक्षेची गुणपद्धतीसुद्धा पाहा: एका निबंधाच्या सहा गुणांपैकी प्रतिपादन मांडण्याला एक, आणि पुरावा व त्याचं विवेचन यांना चार. म्हणजे परीक्षकही पुराव्याशी झालेली झटापटच मागतो आहे. सॅली मावशीच्या प्रश्नोत्तराची ती दोन वाक्यं ज्या मुलानं उजळणीत आधी पारखून ठेवली आहेत, त्याला चाळीस मिनिटं पुरतात.

अमेरिकी निबंधाची स्वतःची परंपराही याच बाजूनं साक्ष देते. 1826 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या लायसियम या व्याख्यानांच्या चळवळीत इमर्सनचे कितीतरी निबंध आधी भाषणं म्हणून ऐकवले गेले. सविनय कायदेभंगावरचा थोरोचा निबंध 1849 मध्ये छापला गेला, पण त्याआधी 1848 मध्ये त्यानं तो विषय कॉनकॉर्डच्या लायसियमपुढं मांडला होता. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली, तेव्हा आपल्याकडंही विचार असाच लोकांसमोर तपासून घेण्याची सोय झाली. समोर असहमत होऊ शकणारा माणूस बसला आहे, ही जाणीव त्या लेखनाच्या वाक्यावाक्यात असते. शाळेतला निबंध मात्र पुष्कळदा गुण देणाऱ्याला उद्देशून असतो, असहमत होणाऱ्याला नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मुलांच्या वेदनेतून येतो. या पुस्तकात काळ्या माणसांना हिणवणारा तो शब्द दोनशेहून अधिक वेळा आहे. वर्गात बसलेल्या काळ्या मुलानं तो का ऐकावा? 1885 मध्ये कॉनकॉर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयानं पुस्तक हद्दपार केलं ते असभ्य म्हणून. आजचा विरोध त्याहून कितीतरी खोल आहे. 2011 मध्ये एका आवृत्तीनं त्या शब्दाच्या जागी ‘गुलाम’ हा शब्द घातला. मला तो उपाय पटत नाही, कारण त्यानं हकच्या तोंडचं शिक्षणच पुसलं जातं आणि एकतिसाव्या प्रकरणातला पेच सैल पडतो. परंतु पुस्तक यादीत आहेच म्हणून वाचा, हे उत्तरही अपुरं आहे. यादी काही आकाशातून पडत नाही. ‘मोबी-डिक’ 1851 मध्ये आली आणि तिची थोरवी मान्य झाली 1920 च्या दशकात, मेलव्हिलच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. लेखिका झोरा नील हर्स्टन विस्मरणात गेल्या होत्या. 1975 मध्ये अ‍ॅलिस वॉकर यांनी त्यांच्यावर लेख लिहिला आणि त्यांची 1937 ची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ पुढं वर्गावर्गांत पोचली. हे लेखन तक्त्यातून आलं नव्हतं. कुणीतरी पुस्तक वाचून प्रचलित मताशी भांडलं, म्हणून यादी बदलली.

ज्या मुलाला ‘हकलबरी फिन’ खुपतं, त्याच्या हाती द्यायचं ते हेच काम. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणांवर समीक्षकांचं अजून एकमत झालेलं नाही. टॉमच्या पोरखेळात जिम आठवडेच्या आठवडे कोंडून पडतो, आणि मग कळतं की मिस वॉटसननं मृत्युपत्रात त्याला केव्हाच मुक्त केलंय. समीक्षक ट्रिलिंग आणि कवी एलियट यांनी या शेवटाची बाजू घेतली. 1953 मध्ये लिओ मार्क्सनं दोघांनाही खोडून काढत हा शेवट म्हणजे लेखकाची माघार ठरवली. पर्सिव्हल एव्हरेट यांनी 2024 मध्ये ‘जेम्स’ ही कादंबरी लिहून तीच नदी जिमच्या तोंडून सांगितली. त्यांचा जिम वाचू-लिहू शकतो आणि गोऱ्यांसमोर अडाण्याची भाषा मुद्दाम बोलतो. उजळणीच्या शेवटच्या आठवड्यात वर्गानं तक्ता बाजूला ठेवून एकतिसावं प्रकरण, टॉमचा पोरखेळ आणि एव्हरेट यांची पहिली काही पानं एवढंच पुन्हा वाचावं, आणि प्रत्येकानं एकाच प्रश्नावर लिहावं: जिमची सुटका कुणामुळं झाली, आणि पुस्तकाचं उत्तर तुम्हाला मान्य आहे का? लिहून झाल्यावर आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा एक उतारा प्रत्येकानं स्वतःच शोधून आणावा आणि निबंध पुन्हा लिहावा.