विजेचं पाणी बियाण्याला, घागरीला नाही



2025 च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या शेगाव तालुक्यात काही गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. पहिला संशय गेला पाण्यावर, त्यातल्या नायट्रेटवर. पुढे तपास गव्हातल्या सेलेनियमपर्यंत पोचला. म्हणून म्हणते, तपासल्याशिवाय पाण्याला दोषही देऊ नये आणि त्याच्यावर भरवसाही ठेवू नये.

आज बोलू प्लाझ्माच्या पाण्याबद्दल. हा रक्तातला प्लाझ्मा नव्हे. पावसाळ्यात वीज कडाडली की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि पावसासोबत थोडं खत जमिनीत उतरतं. यंत्रात तेच लहान प्रमाणात करतात. विजेमुळे पाण्यात नायट्रेट, नायट्राइट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, पाणी आंबट होतं, जंतू मरतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत यावर काम झालं आहे. बी भिजवायला, भाजी धुवायला असं पाणी वापरून पाहिलं जातं.

पण जंतू मेले म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असं नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असं भारतीय मानक सांगतं. जास्त नायट्रेटचं पाणी तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात गेलं, तर रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं.

गटात कुणी असं यंत्र किंवा बाटली विकायला आलं, तर तीन गोष्टी विचारा. यात नायट्रेट, नायट्राइट किती? आंबटपणा किती? किती दिवस टिकतं? पेरॉक्साइडचा जोर काही दिवसांत ओसरतो, नायट्रेट मात्र राहतं. लेखी उत्तर नसेल तर पैसे देऊ नका.

वापरायचंच ठरलं, तर आधी मूठभर बियाण्यावर करून पाहा. तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका, आंबट पाण्यात धातू उतरतो. धुतलेली भाजी पुन्हा साध्या पाण्यातून काढा. उरलेलं विहिरीजवळ, बोअरजवळ किंवा नाल्यात ओतू नका. भूजलात गेलेलं नायट्रेट काढणं फार अवघड असतं.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, तपासणीचा संच कुठे आहे, हे या महिन्याच्या बैठकीत ग्रामपंचायतीला विचारा. आणि सगळ्यात आधी ज्या घरी तान्हं बाळ आहे, तिथलं पाणी तपासा.