शरीराची गंगाजळी

कर्करोगाचें निदान झालेला सत्तरी उलटलेला मनुष्य जेव्हां डॉक्टरांसमोर येऊन बसतो, तेव्हां त्याच्या मागें बहुधा सारें घर उभें असतें. रोग कोणता आणि तो किती पसरला आहे, हें कळून चुकलेलें असतें. राहिलेला प्रश्न एवढाच, कीं ह्या वयांत उपचार झेपतील काय? पुष्कळ घरांत ह्याचें उत्तर डॉक्टरांना विचारण्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें. एक म्हणतो, "पिकलें पान तें, आतां कशाला त्रास द्यावयाचा?" दुसरा म्हणतो, "कितीही खर्च येवो, तरुणाला देतात तेंच औषध बाबांना पूर्ण मात्रेनें मिळालें पाहिजे." पहिल्या बोलण्यांत दया आहे, दुसऱ्यांत प्रेम आहे, परंतु मोजमाप मात्र दोन्हींत नाहीं.

समजा, ७४ वर्षांचे दोन गृहस्थ एकाच दिवशीं, एकाच रोगासाठीं रुग्णालयांत आले. पहिले रोज सकाळीं मंडईंतून भाजी आणतात, घरचा जमाखर्च स्वतः लिहितात आणि जिना न थांबतां चढतात. दुसरे खुर्चींतून उठतांना दोन्ही हातांचा आधार घेतात. वर्षापूर्वीं शिवलेला सदरा त्यांच्या अंगावर लोंबूं लागला आहे, आणि न्हाणीघरांत ते दोनदां पडले आहेत. केवळ जन्मतारीख पाहून औषध ठरविलें, तर दोघांपैकीं एकावर तरी अन्याय होणार हें उघड आहे. मात्रा उणी केली तर पहिल्याचा रोग हाताबाहेर जाईल. पूर्ण दिली तर दुसऱ्याला रोगाआधीं औषधच लोळवील.

ह्या दोघांतला भेद ज्या शब्दानें सांगतां येतो, तो शब्द क्षीणता. क्षीणता म्हणजे नुसतें म्हातारपण नव्हे, आणि एकादा विशिष्ट रोगही नव्हे. प्रपंच चालविणारा मनुष्य अडीअडचणीसाठीं थोडी गंगाजळी राखून ठेवतो. तशीच हृदय, फुप्फुसें, मूत्रपिंडें, स्नायू आणि मेंदू ह्यांच्यापाशींही नित्याच्या गरजेपेक्षां अधिक अशी राखीव शक्ति असते. मोठी शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी म्हणजे त्या शिलकेवर एकदम पडणारी मोठी उचल होय. गंगाजळी आटलेल्या शरीराला साधा ताप किंवा दोन दिवसांचे जुलाबही अंथरुणाला खिळवितात, आणि तेथून पुन्हां उठणें कठीण होऊन बसतें.

ही शिल्लक मोजावी कशी? लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयांत १९३५ च्या सुमारास डॉक्टर मार्जरी वॉरन ह्यांच्याकडे शेजारच्या गरिबांच्या इस्पितळांतील शेंकडों रुग्ण सोंपविण्यांत आले. त्यांत असाध्य म्हणून अंथरुणावरच ठेवलेले पुष्कळ वृद्ध होते. वॉरनबाईंनीं एकेकाची स्वतंत्र तपासणी केली, त्यांना वर्गवार वेगळें केलें आणि हिंडण्याफिरण्यास लावलें. पुष्कळांना उठून बसवितां आलें, आणि कित्येक घरीं परतले. वृद्धाची सर्वांगीण तपासणी ही जी कल्पना आज जगभर मान्य झाली आहे, तिचा उगम ह्या कामांत सांपडतो.

कर्करोगाच्या दवाखान्यांत मात्र वेगळें माप रूढ झालें. १९४८ सालीं न्यूयॉर्कचे डॉक्टर डेव्हिड कार्नोफ्स्की व त्यांचे सहकारी ह्यांनीं रुग्णाला शंभरपैकीं गुण देण्याची पद्धति मांडली. कोणतीही तक्रार नसलेल्यास १००. स्वतःचें सर्व करणाऱ्या, परंतु कामधंदा न जमणाऱ्यास ७०. बरीच शुश्रूषा लागणाऱ्यास ५०. ही पद्धति सुटसुटीत आहे आणि अजूनही वापरांत आहे. परंतु परीक्षकाला विद्यार्थी पांचच मिनिटें दिसावा, आणि तोही सणाचे कपडे घालून, असा प्रकार येथें होतो. २०११ सालीं कॅलिफोर्नियांतील सिटी ऑफ होप ह्या संस्थेच्या डॉक्टर आरती हुरिया व त्यांचे सहकारी ह्यांनीं ६५ वर्षें व त्यावरील ५०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केमोथेरपीचा तीव्र त्रास कोणाला होईल, हें डॉक्टरांनीं दिलेल्या गुणांवरून त्यांत ओळखतां येईना. उपयोगी पडले ते अगदीं घरगुती प्रश्न. गेल्या सहा महिन्यांत पडलांत काय? ऐकूं नीट येतें काय? स्वतःचीं औषधें स्वतः घेतां काय? थोडें अंतर चालून जातां येतें काय? प्रकृतीमुळें लोकांकडे जाणेंयेणें कमी झालें काय? ह्यांच्या जोडीला वय, रक्तांतील हिमोग्लोबिन, मूत्रपिंडांचें कार्य, रोगाचा प्रकार आणि औषधाची मात्रा ह्यांचाही हिशेब धरला जातो.

ह्या तपासणीला महागडीं यंत्रें लागत नाहींत. अमेरिकेंतील डॉक्टर लिंडा फ्राइड व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००१ सालीं क्षीणतेच्या पांच खुणा सांगितल्या: प्रयत्न न करतां वर्षभरांत साडेचार किलो किंवा अधिक वजन घटणें, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणें, चाल मंदावणें आणि हालचाल कमी होणें. पैकीं तीन वा अधिक आढळल्यास तो मनुष्य क्षीण समजावा. दुसरी एक चांचणी खुर्चीची आहे. रुग्णानें खुर्चींतून उठावें, ३ मीटर चालावें, वळावें आणि परत येऊन बसावें. डॉक्टरांनीं घड्याळ पाहावें. ह्याखेरीज जेवण, स्मरणशक्ति, मनाची उदासीनता, इतर दुखणीं आणि घरचा आधार ह्यांची विचारपूस झाली, म्हणजे चित्र पुरें होतें.

एवढें करून रुग्णाच्या पदरांत काय पडतें? ह्याचें उत्तर २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगानें दिलें. ७० वर्षें व त्यावरील, पूर्ण बरा न होणारा कर्करोग असलेले ७१८ रुग्ण त्यांत होते. ज्यांच्या डॉक्टरांच्या हातीं ह्या तपासणीचा गोषवारा व सूचना दिल्या होत्या, त्या गटांत तीन महिन्यांत शेंकडा ५१ जणांना तीव्र दुष्परिणाम झाले; ज्यांच्या डॉक्टरांना तो दिला नव्हता, त्या गटांत शेंकडा ७१ जणांना झाले. पहिल्या गटांत पडण्याचे प्रसंगही कमी घडले. आरंभींची मात्रा पुष्कळदां कमी ठेवूनही त्या गटाचें आयुष्य घटल्याचें दिसलें नाहीं. मुंबईंत परळ येथें १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयांतही २०१८ पासून वृद्ध कर्करोग्यांची अशी स्वतंत्र तपासणी होऊं लागली आहे.

तथापि कोणतेंही माप खरें ठरतें तें खऱ्या उत्तरांवर, आणि येथेंच घराची कसोटी आहे. डॉक्टर विचारतात, "आजोबा, अलीकडे कधीं पडलांत का?" आजोबांनीं तोंड उघडण्यापूर्वींच मुलगा सांगून टाकतो, "छे! बाबा अजून ठणठणीत आहेत." खरें सांगितलें तर औषध मिळणार नाहीं, ही भीति त्याच्या मनांत असते. आजोबाही गप्प राहतात. मुलासमोर आपलें दौर्बल्य कबूल करणें त्यांना लाजिरवाणें वाटतें. न्हाणीघरांतून त्यांना हात देऊन उठविणारी सून दाराशीं उभी असते. तिला कोणी विचारीतच नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची, हें बाजारांत खरें असेल; रुग्णालयांत ती मूठ झांकून ठेवल्यास तिची किंमत आजोबांनाच मोजावी लागते.

क्षीण ठरणें म्हणजे शिक्षा सुनावली जाणें नव्हे. औषधाचा आरंभ कमी मात्रेनें करून झेपेल तशी ती वाढवितां येते. अनावश्यक गोळ्या बंद करतां येतात. आहार सुधारून व व्यायाम देऊन पाय बळकट करतां येतात, आणि रोगानें सवड दिली तर शस्त्रक्रियेपूर्वीं कांहीं दिवस तयारी करून घेतां येते. कधीं कधीं मोजून झाल्यावर असेंही दिसतें, कीं जोरदार उपचारापेक्षां वेदनांचें निवारण आणि घरांतले शांत दिवस रुग्णाला अधिक मोलाचे वाटतात. तो निर्णय त्याचा आहे. मात्र तो शिल्लक पाहून घेतलेला असावा, कोणाच्या दयेनें वा भीतीनें नव्हे.

म्हणून रुग्णालयांत जाण्याच्या आदल्या रात्रीं घरानें एक साधा कागद तयार करावा. वर्षापूर्वींचें वजन आणि आजचें वजन, गेल्या सहा महिन्यांत किती वेळां पडणें झालें, जेवण किती उरलें, कोणत्या कामाला हात द्यावा लागतो, घरीं दिवसभर सोबत कोण असतें, एवढें त्यावर लिहावें. रोजचीं सगळीं औषधें एका पिशवींत घालून बरोबर न्यावीं. आजोबांना स्वतःला काय हवें आहे, तें त्यांच्याच तोंडून विचारून घ्यावें. आणि डॉक्टरांच्या खोलींत जातांना दाराशीं उभ्या असलेल्या सुनेलाही आंत बोलवावें.