उपग्रहाचा आवाज मागच्या खोलीत



उपग्रहावरून येणाऱ्या ध्वनिक्षेपणाविषयी मी आज थोडे बोलणार आहे. विषय शास्त्राचा खरा. परंतु त्यातला मुख्य प्रश्न घरगुतीच आहे. आवाज सर्वांपर्यंत पोचतो का?

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. इतक्या लांबून आलेली लहर जमिनीवर फार क्षीण होते. मोकळ्यावर ती मिळते; पण इमारत, डोंगर वा बोगदा आड आला की आवाज तुटतो.

अमेरिकेत २००१ साली एक्सएम आणि २००२ साली सिरियस या सेवा सुरू झाल्या. त्यांनी यावर दोन उपाय योजले. पहिला पुनःक्षेपकांचा. शहरात उंच जागी यंत्रे बसवून तोच कार्यक्रम जमिनीवरून पुन्हा सोडावयाचा. वाड्याच्या दारी आलेला निरोप मधल्या बिऱ्हाडातील बाई मागच्या बिऱ्हाडाला मोठ्याने सांगते, तसेच हे. दुसरा उपाय असा की, तोच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून काही सेकंदांच्या अंतराने पाठवावयाचा. आधी आलेला भाग यंत्र साठवून ठेवते. मोटार पुलाखालून जाताना नंतरचा भाग तुटला, तर साठवलेल्यातून तो भरून निघतो. दक्षिण कोरियात २००५ साली उपग्रह आणि पुनःक्षेपक यांच्या साह्याने हातातल्या फोनवर चित्रेही पोचविली गेली. ती सेवा २०१२ साली बंद झाली.

आपल्याकडे वर्ल्डस्पेस आली होती. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी ती कंपनी काढली. आशियासाठी तिचा उपग्रह २००० साली सुटला. शास्त्रीय संगीतासाठी ‘गंधर्व’ ही वाहिनी होती. मात्र अँटेना खिडकीशी, उपग्रहाच्या रोखाने ठेवावी लागे. मूळ कंपनी २००८ साली दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा थांबली. घरोघरचे धडधाकट संच मुके झाले.

म्हणून उपग्रह टाकाऊ ठरतो, असे मी म्हणत नाही. वादळात गावचा मनोरा पडला, तरी बॅटरीवरच्या संचाला मोकळ्यावर त्याचा आवाज मिळू शकतो. परंतु उद्या कोणी असा संच विकावयास आला, तर भगिनींनो, दोन प्रश्न जरूर विचारा. मागच्या स्वयंपाकघरात हा लागतो का? आणि तुमची सेवा बंद पडली, तर यावर दुसरे काही ऐकू येईल का? उत्तर तोंडी घेऊ नका. संच आत नेऊन लावून पाहा, आणि मगच पैसे मोजा.