रानफुलांचें बीं आणि घरची बाग

चंद्रपूरच्या एखाद्या घरापुढील बागेंत सहज नजर टाकली, तर तेथें झेंडू असतो, सदाफुली असते, कुंपणावर बोगनवेल असते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, सदाफुली मादागास्करची, बोगनवेल ब्राझीलची. हे पाहुणे आतां घरचेच झाले आहेत. परंतु जवळच पसरलेल्या रानांतल्या फुलांना मात्र त्या अंगणांत जागा मिळत नाहीं, हें नवल आहे. १९८२ सालीं गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. रानाची वाटणी मात्र कोणाला करतां आली नाहीं.

रानफुलांचें बीं घरीं रुजत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिचें मूळ या प्रदेशाच्या हवेंत आहे. येथें उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. मे महिन्यांत वळवाची एखादी सर येते आणि पुन्हां ऊन तापतें. त्या एका सरीला भुलून सगळें बीं उगवलें, तर तें करपून जाईल. म्हणून पुष्कळशा रानफुलांचें बीं टणक कवचाआड खऱ्या पावसाची वाट पाहतें. मेलें म्हणून जें बीं फेंकून दिलें जातें, तें अनेकदां केवळ सावध असतें.

आरंभ तेरड्यापासून करावा. त्याचें बोंड पिकलें कीं नुसत्या स्पर्शानें फुटतें व बिया दूर उडतात. म्हणून त्यावर आधींच पातळ कापडाची पिशवी बांधावी. बीं सावलींत वाळवून मृगाच्या पावसावर पेरावें व वर मातीचा अगदीं पातळ थर द्यावा. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण एका फुलापुरती खरी आहे. झाड मात्र कित्येक आठवडे फुलत राहतें.

दुसरा खुळखुळा. याच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्यानें वाजतात. बीं कठीण असल्यामुळें तें खरकागदावर हलकें घासून रात्रभर पाण्यांत ठेवावें. सकाळीं फुगलेलें बीं पेरावें, न फुगलेलें पुन्हां घासावें. मूळ खोल जात असल्यानें रोप हलवूं नये. याच्या पिंवळ्या फुलांवर मधमाशा येतात.

तिसरी कळलावी, आणि खरी कसोटी हिचीच. पानाच्या टोंकाला वळण देऊन ही वेल आधार धरते. फूल आरंभीं पिंवळें व तांबडें असतें, पुढें सगळेंच तांबडें होतें. औषधासाठीं हिचे कंद खणून नेतात. कंद गेला कीं त्या जागेची वेलही गेली. शेंगेंतल्या चार बिया नेल्या, तर वेल तशीच उभी राहते. तें बीं वाळूमिश्रित मातींत पेरल्यावर रुजण्यास कित्येक आठवडे, कधीं महिनेही लागतात. पहिल्या पावसाळ्यांत दोन-चार पानें दिसतात व हिवाळ्यांत तींही सुकतात. ती कुंडी मेली असें समजून ओतूं नये. कंद मातींत जिवंत असतो. फूल येण्यास तीन-चार वर्षें लागतात. कंद व बीं दोन्ही अत्यंत विषारी आहेत, म्हणून कुंडी मुलांच्या व गुरांच्या आवांक्याबाहेर ठेवावी आणि हात धुवावे.

बीं कोठून घ्यावें, हाही प्रश्न आहे. ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. अशा राखीव क्षेत्रांतून परवानगीवांचून कांहींही नेण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें मनाई आहे. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर त्याला विचारून थोडें बीं घ्यावें व निम्म्याहून अधिक शेंगा वेलीवर राहूं द्याव्या.

बाजारांतून आणलेलें रोप त्याच दिवशीं फूल दाखवितें. रानाचें बीं तसें करीत नाहीं. परंतु चौथ्या पावसाळ्यांत अंगणांतली कळलावी उमलेल, तेव्हां तिच्या पायीं रानांतली एकही वेल उपटली गेली नाहीं, असें त्या घरच्या माणसांना म्हणतां येईल.