त्वष्ट्याचे चक्र

रघुवंशाच्या सहाव्या सर्गात कालिदासाने अवंतिनाथाला त्वष्ट्याने चक्रावर चढवून घडविलेल्या सूर्याची उपमा दिली आहे. हा श्लोक मी पाठशाळेत वर्षानुवर्षे शिकविला. अर्थ मात्र येथे विद्यानगरात, एका वृद्ध काताऱ्याच्या लेथपाशी उमगला.

तिरकस धारेची पटाशी घेऊन मी फिरत्या लाकडावर एकदम धारच टेकविली. क्षणार्धात तिचे टोक रुतले आणि गुळगुळीत होत आलेला दांडा मळसूत्रासारखा चिरला. ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, आधी धारेमागचा उतार टेकवा, मग मूठ हळूच उचला. टोक मोकळे ठेवा, जाड भागाकडून बारीक भागाकडे या. आधार सुटला की धार घुसायचीच.”

कित्येक दिवसांनी पातळ, सलग साल निघाली. आता तो श्लोक शिकविण्यापूर्वी मी तो चिरलेला दांडा विद्यार्थ्यांच्या हाती देतो.